पडण्याचा सराव

“तोंडावर दिसलं पाहिजे, शैला,” सर म्हणाले. “पडतेस झकास, पण तोंड तुझं कोरडं राहतं. लागलंय हे शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळलं पाहिजे.”

मी मॅटवर उताणी पडले होते. मॅट म्हणजे काथ्याच्या जुन्या गाद्या आणि त्यांवर ताणलेली ताडपत्री. पावसाळ्यात त्या ओल धरायच्या आणि वर्षभर घामाचा आंबूस वास सोडायच्या. सरांनी मला उठवायला हात पुढे केला. त्यांचा तळवा कायम ओला असायचा आणि त्याला लावलेल्या पावडरचा लगदा माझ्या मनगटाला चिकटायचा.

“पुन्हा,” सर म्हणाले. “कॉलर धर. मी पाय काढतो, तू अर्धी वळतेस, मग माझी किक कानाजवळ येते. या वेळी ‘आई गं’ म्हण. मोठ्यानं नको, तोंडातल्या तोंडात.”

मी पुन्हा पडले, ‘आई गं’ म्हणाले आणि मागे ओळीत बसलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

ही अठ्ठ्याण्णव सालातली गोष्ट. गडहिंग्लज हे फुटबॉलचं गाव. संध्याकाळी निम्मं गाव मैदानावर असायचं आणि उरलेल्यांतली थोडी पोरं इंगवले सरांच्या कराटेच्या क्लासला यायची. क्लास एका शाळेच्या हॉलमध्ये भरायचा. मुली अगदीच कमी होत्या. त्यांत मी सगळ्यांत जुनी. बी.कॉम. होऊन घरी बसले होते, माझा ब्राऊन बेल्ट जुना होत चालला होता आणि ब्लॅक बेल्टची परीक्षा दर वर्षी पुढच्या वर्षावर जात होती.

मी उंच आहे, हाडानं मोठी आहे. सर माझ्या खांद्याला लागत. म्हणून तर डेमोला त्यांना मीच हवी असायचे. गणपतीत, स्नेहसंमेलनांत, पंधरा ऑगस्टला, जिथे म्हणून सरांचा डेमो असेल तिथे त्यांची कॉलर धरून पडायचं काम माझं. माझ्याएवढी मुलगी धाडकन पडली की सरांची उंची वाढायची. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. कुणीतरी पडायलाच हवं, तर मी पडते, एवढाच विचार.

माझी स्वतःची किक मात्र फार वाईट होती. गोल किक मारताना पाय कमरेच्या वर गेला की खालचा पाय डगमगायचा आणि मी एक पाऊल मागे टाकायची. सरांना किती वेळा विचारलं. ते हसायचे.

“तुला कशाला गं किक? तुझं पडणं हीच तुझी कला.”

त्या वर्षी क्लासला एक नवीन बाई आल्या. फिलोमिना बारदेस्कर. मूळच्या आजऱ्याकडच्या. गावाबाहेर नर्सिंगचं एक नवीन कॉलेज निघालं होतं, तिथे शिकवायला होत्या. चाळिशीच्या आसपासच्या, बांधा लहान, केस घट्ट बांधलेले. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनी पाय उचलला तो गुडघ्याच्या वर गेला नाही. पोरं फिसकन हसली. सिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तास संपल्यावर सरळ सरांसमोर उभ्या राहिल्या.

“सर, समोरचा माणूस अगदी अंगाला भिडला असेल तर काय करायचं?”

“तेवढं जवळ येऊच द्यायचं नाही, सिस्टर. त्यासाठीच तर किक. लांबूनच खलास.”

“आणि आलाच तर?”

“आधी बेसिक शिका. मग बघू.”

“नाही, म्हणजे गुडघा, कोपर असं काही...”

“कोपर, गुडघे हे गल्लीतल्या मारामारीचं काम,” सर म्हणाले. “आपण कला शिकवतो.”

सिस्टर मान हलवून निघून गेल्या. त्या दारापलीकडे जाताच सर पोरांकडे वळले आणि डोळा घालून म्हणाले, “ह्या वयात सिस्टरच्या अंगाला कोण भिडायला बसलंय रे?”

हॉल खो खो हसला. मला हसू आलं नाही. मी गाद्या आवरायला लागले. ते वाक्य नासकं लागलं. उन्हात राहिलेलं दूध तोंडाला लावल्यावर लागतं तसं.

थोड्या दिवसांनी मी एकटीच भिंतीजवळ किक मारत होते. सिस्टर बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होत्या. त्या म्हणाल्या, “शैला, एक सांगू? राग नाही ना येणार?”

“सांगा की.”

“तू पाय उचलायच्या आधीच पडायला लागतेस.”

“म्हणजे?”

“खालच्या पायाची टाच बघ तुझी. वरचा पाय निघायच्या आधीच ती सुटते. खांदा मागे जातो, मान सैल पडते. माझ्या वॉर्डात चक्कर येणारे पेशंट असेच दिसायचे. पडायच्या क्षणभर आधी. तुला कुणी हात लावलेला नसतो आणि तुझं अंग पडायच्या तयारीला लागलेलं असतं.”

मला राग आलाच. पण रात्री आरशासमोर उभी राहून मी सावकाश पाय उचलला आणि ते मला दिसलं. टाच सुटत होती. खांदा जात होता. सरांनी इतकी वर्षं माझ्याकडून जे घोटून घेतलं होतं ते माझ्या हाडांत उतरलं होतं. मी कराटे शिकलेच नव्हते. मी पडायला शिकले होते.

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरांना आमच्या घरी बोलावलं.

माझ्या वडिलांची मिरचीची आडत होती. हंगामात गच्चीवर संकेश्वरी मिरची वाळत घातलेली असायची, आणि तिच्या कडेला जी मोकळी पट्टी उरायची तिच्यावर आमचा सराव सुरू झाला. सकाळी सिस्टर कॉलेजला जायच्या आधी यायच्या. दोघीही शिंकत शिंकत उभ्या राहायचो. सिस्टरांना कराटे येत नव्हतं आणि मला येत होतं त्यातलं बरंचसं विसरायचं होतं. पण त्यांना शरीर कळत होतं आणि मला किकची नावं येत होती. दोन्ही मिळून आम्ही वाट काढत गेलो.

पहिले काही दिवस किकच नाही. नुसतं एका पायावर उभं राहायचं. गुडघा किंचित वाकलेला, अंगठ्याचं बूड, करंगळीचं बूड आणि टाच तिन्ही जमिनीला टेकलेली, नजर समोरच्या टाकीवर. मग डोळे मिटून. डोळे मिटले की मी लगेच कलंडायची आणि सिस्टर ओरडायच्या, “जमीन कुठे पळून गेली नाही! पायाखालीच आहे. तिला धर.”

मग किकचे तुकडे केले. आधी गुडघा वर, छातीजवळ. तिथे थांबायचं. मग खालचा पाय फिरवायचा, टाच समोरच्याकडे वळली पाहिजे, म्हणजे कंबर आपोआप मोकळी होते. मग पाय सोडायचा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाय तसाच खाली टाकायचा नाही. गुडघा परत छातीजवळ आणायचा आणि मग आपल्या मनानं, आपल्याला हवा तिथे ठेवायचा. मी भिंत धरून हे इतकं सावकाश करायची की खालच्या अंगणातून आई ओरडायची, “अगं, झोप लागली की काय एका पायावर?”

महिन्याभरात टाच सुटायची थांबली.

मग एक दिवस सिस्टर घरातली उशी घेऊन वर आल्या. उशी स्वतःच्या पोटाशी धरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. इतक्या जवळ की त्यांच्या केसांच्या तेलाचा वास येत होता.

“आता मार.”

“इतक्या जवळून? पाय कसा उचलणार?”

“तेच तर मी विचारत होते तुझ्या सरांना,” त्या म्हणाल्या.

आणि मग उशी खाली न ठेवता त्यांनी मला सांगितलं. कॉलेजकडे जायचा रस्ता उसातून जातो. संध्याकाळी एसटी फाट्यावर सोडते, तिथून चालत. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी त्या एकट्याच येत होत्या. एक माणूस उसातून निघाला. त्यानं त्यांचा गळा धरला, तोंड तोंडाजवळ आणलं. दारूचा आणि कच्च्या कांद्याचा वास.

“लांबून काही येत नाही, शैला. सगळं असं होतं. एवढ्या अंतरावर. मी लाथ मारायला गेले आणि स्वतःच पडले. समोरून ट्रॅक्टर आला म्हणून वाचले. नंतर माझ्या वर्गातल्या दोन मुलींना तसंच गाठलं. एकीनं तर कॉलेजच सोडलं. म्हणून मी क्लासला आले. मला माझ्या मुलींना काहीतरी द्यायचंय.”

मला त्या दिवशीचं सरांचं वाक्य आठवलं आणि हॉलमधलं ते हसणं. थुंकावंसं वाटलं. शेजारी मिरच्या होत्या म्हणून गिळलं.

त्यानंतर आम्ही गुडघ्याचाच सराव केला. समोरच्याची मान किंवा खांदा दोन्ही हातांनी धरायचा, आपल्याकडे ओढायचा, एका पायावर पक्कं उभं राहायचं आणि गुडघा वर नाही, पुढे घुसवायचा, कमरेच्या रेट्यानं. कोपर मारताना हात फेकायचा नाही. मूठ छातीला चिकटवायची आणि अंग फिरवायचं. कोपर आपोआप येतं. बघायला त्यात काहीच नव्हतं. ओरडणं नाही, उडी नाही. पण उशीमागून सिस्टर मागे सरकायच्या आणि म्हणायच्या, “हां. आत्ता लागलं.”

डिसेंबरात कॉलेजनं मुलींसाठी स्वसंरक्षणाचं शिबिर ठेवलं. शिकवायला अर्थातच इंगवले सर. सिस्टरांनी त्यांना आधीच विनंती केली होती की जवळून धरलं तर काय करायचं हा भाग शैलाला घेऊ द्या. सर म्हणाले होते, “का नाही? घेऊ दे की.” उद्‌घाटनाच्या सकाळी मला म्हणाले, “ते नंतर कधीतरी. आधी डेमो होऊ दे. सभापती येणार आहेत, फोटोग्राफर येणार आहे.”

कॉलेजच्या अंगणात मांडव घातला होता. पुढे सोफ्यावर पाहुणे आणि मागे सतरंजीवर पांढऱ्या साड्यांतल्या मुली. सिस्टर त्यांच्या कडेला बसल्या होत्या. हार झाले, नारळ झाले, भाषणं झाली. सरांनी माईक घेतला आणि मुलींना सांगितलं की गुंड कितीही मोठा असो, बरोबर टेक्निक असेल तर तो असा उडतो, असा! चुटकी वाजवली. मग माईक कोपऱ्यात ठेवून माझ्यासमोर आले.

“तोंडावर दिसलं पाहिजे,” ओठ न हलवता म्हणाले.

मी त्यांची कॉलर धरली.

पुढं जे झालं ते मी ठरवून केलं असं बरेच जण म्हणतात. मी ठरवलं नव्हतं. मी पडायलाच गेले होते. सरांनी माझ्या पायाला पाय लावून खेचला, तसा शेकडो वेळा खेचला होता, आणि या वेळी पाय निघालाच नाही. माझं पाऊल जमिनीला धरून होतं. गुडघा आपोआप किंचित वाकला, वजन आपोआप सरकलं, आणि मी जिथे होते तिथेच उभी राहिले. सरांनी पुन्हा खेचलं. मी तशीच. त्यात त्यांचाच तोल गेला आणि मीच त्यांना कॉलरनं सावरून धरलं.

सतरंजीवरून एक बारीक हसू आलं.

सरांचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. त्यांच्या तोंडाला वेलदोड्याचा वास होता आणि त्याच्या खाली काहीतरी कुजल्यासारखा दुसरा वास. कपाळावरची पावडर घामानं फाटली होती.

“पड,” ते म्हणाले.

मला खरंच पडायचं होतं. अंग ऐकेना.

“पड की, म्हशी.”

आणि त्यांनी मला कोपर मारलं. जे गल्लीतल्या मारामारीचं काम होतं तेच. तोंडावर, पूर्ण ताकदीनं. माझा वरचा ओठ दातावर फाटला. तोंडात गरम, खारट काहीतरी भरलं आणि हनुवटीवरून पांढऱ्या ड्रेसवर ओघळलं.

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला.

तो आवाज मी अजून विसरलेले नाही. सोफ्यावरचे लोक हसत, माना डोलावत टाळ्या वाजवत होते. एक जण शेजाऱ्याला म्हणत होता, “रक्ताचं काय झकास जमवलंय!” फोटोग्राफर गुडघ्यावर बसून माझ्या ओठाचा फोटो काढत होता. मुलीही टाळ्या वाजवत होत्या. फक्त सिस्टर उभ्या राहिल्या होत्या.

सरांनी पुन्हा कोपर मागे घेतलं. मी त्यांच्या मानेमागे दोन्ही हात घातले, त्यांना ओढलं आणि गुडघा आत घातला. एकदाच. गच्चीवर उशीला घालत होते तसाच.

सर खाली बसले. पडले नाहीत, बसले. देवळासमोर बसतात तसे. तोंड उघडं, आवाज नाही. खालच्या ओठावरून लाळेची एक तार निघाली, लांबत गेली, मॅटवर टेकली तरी तुटेना. मग घशातून घर्र झालं आणि सकाळचे पोहे बाहेर आले. मला विजय वगैरे काही वाटलं नाही. किळस आली. गटार उपसताना बाजूला उभं राहिल्यावर येते तशी.

सभापती अर्धे उठले होते. माझ्या डोळ्यांसमोर मागच्या मुली होत्या. हात टाळीच्या मधेच थांबलेले, डोळे मोठे झालेले. त्यांनी पाहिलं होतं. एका बाईला एका पुरुषानं जवळून मारलं आणि तिनं त्याला बसवलं, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तो एक क्षण खरा होता.

सरांनी तोंड पुसलं. मॅटच्या कडेला हात टेकत टेकत कोपऱ्यापर्यंत गेले आणि माईक उचलला. अजून वाकलेलेच होते, पण हसत होते.

“कसं वाटलं?” ते म्हणाले. “घाबरलात ना? टाळ्या! जोरात! अहो, हे आम्ही पंधरा दिवस बसवत होतो. मी मुद्दाम कुणाला सांगितलं नव्हतं. आमची मुलगी गुंडाला कसं लोळवते, बघितलंत ना? शाब्बास, शैला!”

क्षणभर कुणाला कळेना. मग सोफ्यावरून कुणीतरी मोठ्यानं सुस्कारा सोडला, हसला आणि पुन्हा टाळ्या सुरू झाल्या. आधीपेक्षा जास्त. सरांनी येऊन माझ्या खांद्यावर हात टाकला, त्या उलटीच्या वासासकट, आणि मला फोटोसाठी वळवलं.

मी बोलायला तोंड उघडलं तर रक्तच बाहेर आलं. त्यांचा हात झटकला आणि मांडवामागच्या नळावर गेले.

मागोमाग सिस्टर आल्या. त्यांनी माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. “टाके घालावे लागतील. बोलू नकोस.” रुमाल ओला करून त्यांनी माझ्या ओठावर दाबून धरला.

“माझ्या मुली काय विचारतायत ठाऊक आहे?” त्या म्हणाल्या. “सिस्टर, हे कसं बसवलं असेल हो? किती दिवस लागले असतील?”

तेव्हा कुठे मला समजलं की सरांनी काय केलं होतं. मला मारलं ते काहीच नव्हतं. ओठ भरून येणार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर आमच्या घरी आले. हातात पेढ्यांचा खोका. माझे वडील आडतीवरून जेवायला आले होते. त्यांनी सरांना खुर्ची दिली, आईला चहा टाकायला सांगितला. सकाळच्या पेपरात फोटो आला होता आणि गावात वडिलांचं कौतुक झालं होतं.

“हत्तरकी शेठ, तुमच्या पोरीनं नाव काढलं,” सर म्हणाले. “काय तो गुडघा! मी म्हटलं, घाल खरा. मी सोसतो. कलेसाठी सोसावं लागतं.”

“व्हय, व्हय,” वडील म्हणाले. “पेपरातबी तसंच लिवलंय.”

“ओठाचं वाईट वाटलं मला. पण खरं सांगू? रक्तानं आयटम उठला.” सर माझ्याकडे वळले. बसताना पोट सांभाळत होते. “आता असं करू. प्रत्येक कॉलेजात हाच डेमो. ओठात रंगाची गोळी ठेवायची, नाटकवाल्यांकडे मिळते. मी कोपर मारतो, तू गोळी फोडतेस, मग तुझा गुडघा. मी आतून पट्टा बांधतो, म्हणजे तुलाही हात आखडता घ्यायला नको. तुझी ब्लॅक बेल्टची परीक्षाही मार्चमध्ये उरकून टाकू.”

बोलता बोलता त्यांनी खोका उघडला आणि एक पेढा स्वतःच तोंडात टाकला. तो त्यांच्या जिभेवर कालवला जात होता तो मला दिसत होता.

“सर,” मी म्हणाले. टाक्यांमुळे शब्द जाड येत होते. “तुम्ही काल मला काय म्हणालात ते बाबांना सांगा.”

“काय म्हणालो?”

“कोपर मारायच्या आधी.”

“अगं, डेमोत आपण काहीही बोलतो...”

“म्हशी म्हणालात. पड म्हणालात. मी पडले नाही म्हणून मारलंत.”

वडिलांनी कप खाली ठेवला. “म्हंजे? ठरल्यालं नव्हतं?”

“काही ठरलेलं नव्हतं, बाबा.”

“शेठ, पोरगी दुखण्यात बोलतीय,” सर हसले. “आणि समजा नव्हतं ठरलेलं. बिघडलं काय? नाव तर झालं ना?”

“बिघडलं,” मी म्हणाले. “त्या पोरी रोज त्या उसातून जातात. त्यांनी काल पहिल्यांदा बघितलं होतं की असं करता येतं. आणि तुम्ही माईक घेऊन सांगितलंत की हे बसवलेलं होतं. आता त्यांना वाटतंय, बसवल्याशिवाय असं होतच नाही. तेवढंच एक खरं झालं होतं, सर. तेवढंसुद्धा तुम्ही ठेवलं नाही.”

सरांना ते कळलं की नाही मला आजही माहीत नाही. ते पेढा चावत राहिले. मग म्हणाले, “तुझा बेल्ट माझ्या सहीवर आहे, हे विसरू नकोस.”

वडील उठले. माणूस तसा गरीब, आडतीवर कुणाला चढ्या आवाजात बोललेला नाही. ते माझ्याजवळ आले आणि त्यांनी काल रात्रीपासून पहिल्यांदा माझा ओठ नीट पाहिला. अगदी जवळून. मग खोक्याचं झाकण लावलं, खोका सरांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “सर, ह्ये घिऊन जावा. आणि पुन्हा ह्या दारात येऊ नका.”

सर गेले. त्यांचं पुढं काही वाईट झालं नाही. क्लास चालू राहिला, मोठा झाला. चौकात त्यांच्या सत्काराचे फलक लागत. त्यांच्या कपाळावरची ती पावडर फलकावरच्या फोटोतही दिसायची. मी रस्ता बदलून जायची, भीतीनं नाही, ओकारी येऊ नये म्हणून. मला ब्लॅक बेल्ट मिळाला नाही. नंतर मी तो मागितलाही नाही.

ओठाचे टाके निघाले त्या दिवशी संध्याकाळी सिस्टर मला कॉलेजात घेऊन गेल्या. वर्गातले बाक भिंतीला लावले होते. मुली जमिनीवर बसल्या होत्या. मी त्यांना सांगितलं की त्या दिवशीचं काहीच बसवलेलं नव्हतं. सर खरे चिडले होते, रक्त खरं होतं, गुडघाही खरा होता. त्या ऐकत होत्या, पण मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं की विश्वास बसत नाहीये. मोठी माणसं दोन्ही बाजूंनी काही ना काही सांगतच असतात.

मागून एक मुलगी उठली. चंदगडकडची, काटकुळी, नाव सुलभा नाईक. हळूच म्हणाली, “ताई, त्यांना खरंच लागलं होतं?”

“हो.”

“एवढ्या जवळून?”

“ये इकडे,” मी म्हणाले. “माझी मान धर. तुझा खालचा पाय पूर्ण टेकव. टाच उचलायची नाही. आता मला ओढ.”

तिनं ओढलं. तिचे हात गार पडले होते. सिस्टर उशी घेऊन पुढे आल्या. मी त्यांना हातानंच नको म्हटलं.

“मारू?” सुलभानं विचारलं. “म्हणजे, खरंच मारू?”

“मार.”

तिनं एकदा सिस्टरांकडे पाहिलं, आणि मारलं.

मी भिंतीपर्यंत गेले आणि बाकाला धरून उभी राहिले. वर्गात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुली एकेक करून उठल्या आणि ओळीत उभ्या राहिल्या. त्या आठवड्यात मला वाकून चपलेचा पट्टा लावता येत नव्हता.